दोन लेखण्या आणि एक साम्राज्य

शासितांच्या संमतीवांचून राज्यसत्ता न्याय्य ठरत नाहीं, असें १७७६ सालीं जगास बजावणाऱ्या अमेरिकेनें १८९८ च्या पॅरिसच्या तहान्वयें स्पेनला दोन कोटि डॉलर देऊन फिलिपाइन्स बेटें पदरांत पाडून घेतलीं. तेथील रहिवाश्यांची संमति कोणींच विचारली नाहीं.

हा तह सिनेटपुढें असतांच, १८९९ च्या फेब्रुवारींत, मुंबईंत जन्मलेल्या किप्लिंगची ‘गोऱ्या माणसाचें ओझें’ ही कविता अमेरिकेस उद्देशून प्रसिद्ध झाली. तिची रचना बांधेसूद आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जित लोक म्हणजे अजाण व उच्छृंखल पोरें, हें तिचें गृहीतच असल्यामुळें त्यांना तींत बोलावयास जागाच उरत नाहीं. उलट १९०१ सालच्या ‘अंधारांत बसलेल्या माणसास’ या निबंधांत मार्क ट्वेन त्या माणसालाच परोपकाराचा हिशेब तपासावयास बसवितो. त्याचा उपरोध मधून मधून पाल्हाळिक होतो खरा. तथापि आपल्याच राष्ट्राच्या विजयोत्सवांत असा प्रश्न विचारण्यास धैर्य लागतें.

फिलिपाइन्स १९४६ सालीं स्वतंत्र झालें. कवितेचा नाद अजून कानांस गोड लागतो. पण ज्या वाङ्मयांत जितास प्रश्न विचारण्याची मुभा नाहीं, त्यास थोर म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.