चार तारा आणि पाच रेषा

आधी स्वरलिपी शिकावी, मग वर्ष-दोन वर्षे बोटांना वळण लावावे आणि त्यानंतर कधीतरी एखादे गाणे वाजवावे, हा वाद्यशिक्षणाचा क्रम आम्ही निमूटपणे मानत आलो आहोत. युकुलेलेच्या हौशी मंडळांनी तो पार उलटा करून टाकला आहे. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका अशा देशांत वाचनालयांत, चर्चच्या सभागृहांत शेजारपाजारची माणसे आठवड्यातून एकदा जमतात आणि पहिल्याच संध्याकाळी एक पुरे गाणे वाजवून घरी जातात. त्यांतील अनेकांना पंचरेषेवरचा एकही स्वर वाचता येत नाही. याला संगीताचे शिक्षण म्हणावे की निव्वळ विरंगुळा? प्रश्न दूरदेशीचा वाटला, तरी तो आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून त्याची चिकित्सा करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

या वाद्याचे कुळ तसे आपल्याला अगदीच परके नाही. पोर्तुगालच्या ताब्यातील मदेरा बेटावर ‘मशेट’ नावाचे चार तारांचे छोटे वाद्य होते. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवन्सक्रॅग’ या जहाजातून मदेराची चारशेहून अधिक माणसे उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी होनोलुलूला उतरली. मान्युएल नुनीस, अगुश्तु दियश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तीन सुतारही त्यांतच होते. पुढे त्यांनी स्थानिक ‘कोआ’ लाकडापासून ही वाद्ये घडवली. राजा कालाकौआ याने त्यांना दरबारी मान दिला आणि हवाईच्या भाषेत ‘उडी मारणारी पिसू’ असा अर्थ सांगितला जाणारे हे नाव जगभर झाले. म्हणजे युकुलेलेचा जन्म संगीतशाळेत झालेला नाही. पोटासाठी देशांतर केलेल्या श्रमिकांबरोबर त्याने समुद्र ओलांडला आहे.

त्याची रचनाही समूहाला मानवणारी आहे. चार तारा, मऊ नायलॉन, लहान मान. ‘सी’ हा स्वरमेळ एका बोटाने निघतो, ‘ए मायनर’लाही एकच बोट लागते आणि ‘एफ’ला दोन. असे तीन-चार मेळ हाताशी आले की कितीतरी सोपी गाणी वाजवता येतात. कागदावर गीताचे शब्द असतात, शब्दांच्या माथ्यावर मेळांची नावे असतात आणि बाजूला बोटे कुठे ठेवायची ते दाखवणारी ठिपक्यांची चौकट असते. कोणी चुकला तरी शेजाऱ्याच्या आवाजात त्याची चूक विरून जाते. ज्याला शाळेत ‘तुला गळा नाही’ असे सांगून मागच्या बाकावर बसवले होते, तोही इथे वाजवू लागतो. हे पुण्य लहान नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत लोकांच्या सक्रिय सहभागाचा आणि लोकगायनाच्या जोपासनेचा आग्रह धरला. श्रोत्याला सहभागी करून घेणारी ही मंडळे त्या वृत्तीच्या जवळ जाणारी आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो. ठिपक्यांची चौकट बोट कुठे ठेवावे ते सांगते. स्वर किती लांबवावा, चाल कुठे चढते, कुठे उतरते, याबद्दल ती मुकी असते. जे गाणे आधीच ओठांवर आहे, तेच या कागदावरून वाजवता येते. न ऐकलेले गाणे त्यातून उमगत नाही. चर्चच्या संगीताला ही अडचण फार जुनी आहे. प्राचीन मठांतील हस्तलिखितांत शब्दांच्या माथ्यावर केवळ चढउताराच्या खुणा असत. चाल पाठ असलेल्यालाच त्या उपयोगी पडत. सुमारे हजार वर्षांपूर्वी आरेझोच्या ग्विदो या बेनेडिक्टाईन संन्याशाने रेषांची रीत पक्की केली आणि संत योहान बाप्तिस्ताच्या स्तोत्रातील ओळींच्या आद्याक्षरांवरून स्वरांना नावे दिली. पूर्वी दहा वर्षांत जे जेमतेम साधे, ते आता एक-दोन वर्षांत साधते, असे त्याने आपल्या एका पत्रात लिहिले आहे. गुरू जवळ नसतानाही शिष्याला नवे गीत गाता यावे, हा त्याचा हेतू होता. स्वरलेखन पंडितांच्या मिरवणुकीसाठी जन्मले नाही. ते गरजूंसाठी जन्मले.

यावर कोणी म्हणेल, आपली भारतीय विद्या तर गुरुमुखीच आहे. खरे आहे. पण तिथे कागद नसतो, म्हणून कानाला आणि स्मरणाला जबर शिस्त असते. आणि तरीही पंडित भातखंडे यांना घराणोघरी फिरून बंदिशी जमवाव्याशा आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह छापाव्याशा वाटल्या. हौशी मंडळात मात्र डोळे कागदाला खिळलेले राहतात. अशाने कानही तयार होत नाही आणि डोळाही नाही. ‘आम्हांला नोटेशन येत नाही’ ही कबुली असेपर्यंत गोड वाटते. तिची प्रौढी झाली की शिकणे तिथेच संपते.

हा दोष वाद्याचा मात्र नव्हे. कॅनडातील हॅलिफॅक्सच्या शाळांत जे. चामर्स डोन या शिक्षकाने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून याच वाद्यावर मुलांना गायन, कानाची तयारी आणि स्वरवाचन एकत्र शिकवले. आनंद आणि अक्षरओळख यांचे वैर नाही, हे त्याने प्रत्यक्ष दाखवून दिले.

आपल्या गीतपुस्तिका उघडून पाहा. अनेकींत केवळ शब्द आहेत. चाल एखाद्या वृद्ध मास्तरांच्या कंठात असते. ते गेले की शब्द उरतात आणि चाल मातीआड होते. हवाईची पदच्युत राणी लिलिउओकलानी १८९५ साली आपल्याच राजवाड्यात कैदेत होती. तिने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की प्रारंभी जवळ वाद्य नव्हते. कागद आणि पेन्सिल तेवढी मिळे. तिने स्वतः रेषा आखल्या आणि केवळ आपल्या गळ्याच्या आधाराने स्वर उतरवून काढले. राज्य गेले, पण तिची गाणी उरली.

म्हणून युकुलेले मंडळांना आम्ही हसणार नाही. आपल्या तरुणांनी तसे मंडळ काढले तर पहिल्या रांगेत बसू. विनंती एवढीच की चार तारा हाती आल्यावर दर बैठकीत दहा मिनिटे त्या पाच रेषांनाही द्यावीत, आणि पहिला स्वराध्याय म्हणून आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या जुन्या भक्तिगीताची चाल लिहून काढावी. ती गाणारे मास्तर अजून आपल्यात आहेत, तोवरच.