होम्सची माती आणि पॉपची माती : मृदा-पुराव्याच्या साहित्यिक प्रतिमेची चिकित्सा

मातीच्या पृथक्करणातून गुन्ह्याचा शोध लावण्याच्या शास्त्राचा इतिहास सांगताना आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सला आद्यस्थान देण्याची प्रथा आहे. हा मान कितपत रास्त आहे, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या कादंबरीत विजारीवर उडालेल्या चिखलाचा रंग व घट्टपणा पाहून तो लंडनच्या कोणत्या भागातील आहे हे होम्स सांगतो, अशी नोंद वॉटसन करतो. येथे माती केवळ चमत्काराचे साधन आहे. ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) मध्ये मात्र डॉयल अधिक सावध झालेले दिसतात. विगमोर स्ट्रीटवरील टपाल कचेरीसमोर रस्ता खणला आहे, तेथील तांबूस माती आसपास इतरत्र नाही आणि ती चुकवून आत जाणे कठीण आहे, अशी कारणपरंपरा होम्स मांडतो. वॉटसन तेथे गेला होता, एवढेच माती सांगते. त्याने तार पाठविली हे मात्र स्वतंत्र अनुमान आहे, हा भेदही तो स्पष्ट करतो. माती स्थळ सांगते, कृती सांगत नाही, हे तत्त्व डॉयल यांना उमगले होते, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. उणीव आहे ती नजरेवरील विश्वासात. होम्स मातीचा नमुना कशाशीही ताडून पाहत नाही. तो माती ‘ओळखतो’.

फ्रँकफर्टचे रसायनतज्ज्ञ गेओर्ग पॉप यांनी १९०८ साली बव्हेरियातील एका खून प्रकरणात केलेले काम या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगे आहे. संशयिताच्या बुटांवर मातीचे थर एकावर एक साचले होते. कातड्यालगत घराजवळची माती व हंसांची विष्ठा, त्यावर घटनास्थळाशी जुळणारी तांबड्या वालुकाश्माची माती, आणि सर्वांत वर कोळसा, विटांची भुकटी व सिमेंटचे कण. हे कण ज्या पडक्या किल्ल्याच्या परिसराशी जुळले, तेथेच त्याची बंदूक व कपडे सापडले होते. त्या दिवशी आपण स्वतःच्या शेतात होतो, असे त्याचे म्हणणे होते. परंतु त्या शेतातील पॉर्फिरी खडकाचे व दुधी गारगोटीचे कण बुटांवर नव्हतेच.

या उदाहरणातील बळ ‘ओळखण्यात’ नाही; ते थरांच्या क्रमात आणि त्याहूनही अधिक अभावात आहे. शिवाय, बूट आदल्या रात्रीच स्वच्छ केले होते, ही पत्नीची साक्ष नसती तर त्या थरांना काळाचा आधारच उरला नसता. मातीलाही माणसाच्या शब्दाची गरज पडली, ही गोष्ट होम्सकथांच्या जगात कोठेच येत नाही.

लंडनचे भूस्तर वैविध्यपूर्ण आहेत, असे गृहीत धरून होम्सचे कौशल्य एकवेळ मान्य करता येईल. दख्खनच्या पठारावर, जेथे बेसाल्टपासून बनलेली काळी रेगूर जिल्ह्यामागून जिल्हे पसरली आहे, तेथे नुसत्या रंगावरून गाव सांगू पाहणारा होम्स निरपराध माणसालाही गोत्यात आणील. तेथे परागकण, खतांचे अवशेष, विटांचा चुरा, रंगाचे कपचे अशा आगंतुक घटकांकडेच वळावे लागते. दोन नमुने जुळणे आणि ते एकाच जागेचे असणे यांत अंतर आहे. आरोपीचे स्वातंत्र्य पुष्कळदा त्या अंतरावरच अवलंबून असते. डॉयल यांच्या वाचकाला हे अंतर कधी जाणवत नाही, कारण कथेतील होम्सची उलटतपासणी घेणारा वकील तेथे कोणी नसतो.