आभाळातला कोयता : एका छायाचित्र-प्रदर्शनाविषयी

आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी दिलाय तो असा : 'छायाचित्र-प्रदर्शन कसं पाहावं'. आता 'कसं पाहावं' हे सांगणारे आम्ही कोण, हा प्रश्न आहेच. म्हणून आम्ही एकाच प्रदर्शनाबद्दल बोलणार आहोत. ते आम्ही दोनदा पाहिलं आणि पहिल्यांदा आमचं चुकलं. कसं चुकलं, तेवढं तरी नीट सांगता येईल.

आम्ही म्हणजे दर महिन्याला एकत्र चित्रं, छायाचित्रं बघायला जाणारे चार-पाच जण. दालन दक्षिण मुंबईतलं. विषय ऊसतोड कामगार. चाळीसएक कृष्णधवल छायाचित्रं, जाड सुती कागदावर छापलेली, काही तर चार-पाच फूट रुंद. छायाचित्रकाराचं आणि दालनाचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. जे दोष सांगणार आहोत ते त्यांच्या एकट्याचे नाहीत. पुष्कळ प्रदर्शनांत दिसतात आणि आमच्यासारखे प्रेक्षक ते चालवून घेतात.

आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठं छायाचित्र. खालून घेतलेला कोन, मागे काळंभोर आभाळ, आणि एका माणसाने कोयता डोक्यावर उंच धरलेला. पात्यावर उजेडाची एक रेघ. आम्ही थबकलोच. छपाई उत्तम, रचना भक्कम. तासाभराने निघताना अभिप्राय-वहीत आमच्यातल्या एकाने लिहिलं 'अप्रतिम', आणि बाकीच्यांनी खाली सह्या केल्या.

पुढच्या आठवड्यात एका मित्राला घेऊन परत गेलो. तो बीड जिल्ह्यातला, आई-वडिलांनी ऊसतोडीत वीसेक हंगाम काढलेले. तो त्या मोठ्या छायाचित्रापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "हा काय करतोय?" आम्ही म्हटलं, ऊस तोडतोय. तो म्हणाला, "ऊस असा तोडतात व्हय? बुडाशी वाकावं लागतं. साखर बुडात असते, वर खुंट राहिला तर मुकादम बोलतो. दिवसभर कंबर मोडते ती वाकूनच. कोयता आभाळात कुणी नेत नाही."

आता कुणी म्हणेल, हा झाला तपशिलाचा मुद्दा, कलेचा नाही. आम्हीही आधी तेच म्हणालो. छायाचित्रकाराने माणसाला उभं करून छायाचित्र घेतलं तर तो गुन्हा नाही. छपाईत आभाळ काळं केलं तर तोही नाही. अँसल ॲडम्सचं 1941 सालचं 'मूनराइज, हर्नांडेझ' घ्या. निगेटिव्ह एकच, पण वर्षं गेली तसं ॲडम्सने छापताना आभाळ गडद करत नेलं. आधीच्या प्रतींत ढगांचे पट्टे दिसतात, नंतरच्या प्रतींत आभाळ जवळजवळ काळं. पण त्या काळ्याने काय साधलं ते पाहा : वर चंद्र, खाली दफनभूमीतले क्रूस, दोन्ही उजळून एकमेकांशी बोलायला लागले. म्हणजे जे काढून टाकलं त्याने उरलेल्याला बळ दिलं.

आमच्या कोयतेवाल्या छायाचित्रात काळ्याने काय गिळलं? पाचट गिळलं. उसाच्या पात्यांच्या धारेने हातावर उठणारे चरे गिळले. सोबत मोळी बांधणारी बाई तर चौकटीतच नाही. मित्राने सांगितलं, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणजे धंद्याने आधीच दोन माणसांचं एक हत्यार केलंय. छायाचित्राने आणखी पुढची पायरी गाठली : बाईला वगळलं, पुरुषाचा पुतळा केला आणि हत्यार तेवढं चकाकवलं. आमचा आक्षेप 'खोटं आहे' एवढाच नाही. जे काम माणसाला वाकवतं, त्याचं चित्र ताठ उभ्या माणसाचं काढलं, आणि बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून काढलं. आम्हाला बरं वाटलंही. 'अप्रतिम' आलं ते तिथून.

दुसरा मुद्दा नावांचा. प्रत्येक छायाचित्राखाली मथळा : 'श्रम 1', 'श्रम 2', असं चाळीसपर्यंत. मित्र प्रत्येक ठिकाणी वाकून वाचत होता. शेवटी म्हणाला, "गाव तरी लिहायचं."

ही सवय जुनी आहे आणि आपल्याच शहरात मुरलेली आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 साली, म्हणजे छायाचित्रणाची कला जगासमोर आल्याला अवघी पंधरा वर्षं होत होती तेव्हा. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सनने इथल्या जातीजमातींची छायाचित्रं घेतली. त्यांचे दोन खंड 1863 ते 1866 या काळात लंडनहून निघाले. माणसं एकीकडे टिपलेली, पार्श्वभूमी दुसऱ्याच निगेटिव्हवरची, आणि दोन्ही जोडून एक चित्र. खाली जातीचं नाव, माणसाचं नाही. माणूस म्हणजे नमुना. दीडशे वर्षांनी जातीच्या जागी 'श्रम' आलं, हेतूही चांगला आहे, मान्य. पण भिंतीवरचा माणूस नमुनाच राहिला. सुझन सोंटॅगने 2003 साली सेबास्तिआव साल्गादोच्या स्थलांतरितांच्या छायाचित्रांबद्दल हाच आक्षेप घेतला होता : नाव फक्त प्रसिद्धांना द्यायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या धंद्याचे, दैन्याचे प्रतिनिधी करून ठेवायचं.

पण थांबा, इथे घाईने नियम करू नका. त्याच साल्गादोचं 1995 सालचं चर्चगेट स्टेशनचं छायाचित्र आठवा. दोन बाजूंना लोकल उभ्या, अगदी स्पष्ट. आणि मधल्या फलाटावर माणसांचा लोंढा, शटर हळू ठेवल्यामुळे धुरासारखा विरघळलेला. एकही चेहरा ओळखू येत नाही. तिथे आम्ही नाव मागत नाही. कारण गर्दीत माणसाचं विरघळणं हाच त्या चित्राचा विषय आहे. सकाळी नऊ-सव्वानऊला तिथे उतरणाऱ्याला ते लगेच कळतं. म्हणजे प्रश्न नाव आहे की नाही एवढाच नसतो. चेहरा एवढा जवळून, एवढा मोठा दाखवलात, तर मग त्या चेहऱ्याचं तुम्ही काय देणं लागता, हा असतो.

आता न्यायाने बोलायचं तर त्या प्रदर्शनात एक छायाचित्र फार चांगलं होतं. दाराजवळच्या कोपऱ्यात, वहीएवढं लहान. कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग. बैल सोडलेले. गाडीखाली एक माणूस झोपलाय, त्याचे फक्त पाय दिसतात. शेजारी बाई बसलीय, मांडीवर डबा उघडा, आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. नजरेत कौतुक नाही, याचना नाही. 'झालं का तुमचं?' एवढंच आहे. उजेड साधा, दुपारचा, काहीसा फिका. रचनेत एक चाक अर्धं कापलं गेलंय. स्पर्धेत कदाचित याला गुण कमी पडतील.

पण इथे छायाचित्रकार लहान झालाय आणि समोरची बाई मोठी. ती नमुना व्हायला तयार नाही. काढणाऱ्याला तिने क्षणभर अडवलंय आणि त्याने ते अडवणं लपवलं नाही, तसंच ठेवलं. आमच्या मते हे धैर्याचं काम आहे. पाच फुटी कोयत्यापेक्षा जास्त धैर्याचं. मित्र तिथे बराच वेळ थांबला. बोलला काही नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग प्रदर्शनाचं मूल्यमापन काय? आमचं असं : हा छायाचित्रकार पाहू शकतो, हे त्या एका छायाचित्राने सिद्ध होतं. बाकी बहुतेक ठिकाणी तो पाहण्याऐवजी सजवतो. मोठं काय छापायचं आणि कोपऱ्यात काय टांगायचं, हे त्याने उलट ठरवलं. मांडणी हाही निर्णय असतो, आणि प्रेक्षकाला काय आवडेल या अंदाजाने तो घेतला जातो. तो अंदाज बरोबर ठरवणारे आम्हीच होतो.

निघताना अभिप्राय-वही पुन्हा उघडली. आमचं 'अप्रतिम' तिथेच होतं, सह्यांसकट. खोडलं नाही, खोडणं बरं दिसलं नसतं. त्याखाली लिहिलं : 'दाराजवळची बाई पाहिली. मोठ्या भिंतीवर ती हवी होती. तिचं नाव माहीत असेल तर कृपया लिहावं.' या वेळी मित्रानेही सही केली, आणि सहीपुढे आपल्या गावाचं नाव घातलं.

एवढंच. आता तुमचं म्हणणं ऐकूया.