‘ठाण्याला पाठविणे’ : एका वाक्प्रयोगाची चिकित्सा

मीरा-भाईंदरचा माणूस कामासाठी ठाण्याला ‘जातो’. वेड लागले की त्याला ठाण्याला ‘पाठवितात’. तेथील, १९०१ साली स्थापन झालेल्या मनोरुग्णालयावरून रूढ झालेला हा वाक्प्रयोग (पुणेकर त्याच अर्थी येरवडा म्हणतात) थट्टेचा मानला जातो. वस्तुतः त्यातील क्रियापद विचारार्ह आहे.

कायद्याने नामे बदलली. १९१२ च्या अधिनियमातील ‘ल्युनॅटिक’, म्हणजे वेडा, १९८७ मध्ये मनोरुग्ण झाला आणि २०१७ मध्ये ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’. शेवटचा पर्याय लांबट खरा. परंतु त्यात व्यक्ती आजाराहून वेगळी उरते. केवळ कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणास संस्थेत ठेवू नये, असेही हाच अधिनियम सांगतो. लोकभाषेने मात्र ‘पाठविणे’ला ‘परत आणणे’ अशी जोड कधी दिलीच नाही.

मराठीत काळजी ‘करतात’ आणि ‘घेतात’ही. पहिली दुरून होते. दुसरीसाठी रुग्णाजवळ असावे लागते. परिचारिकेचे काम या दुसऱ्या क्रियापदाचे होय. रुग्ण घरी परतल्यावर औषधाची वेळ, झोप, बोलण्यातील फरक यांवर लक्ष ठेवणे घरच्यांकडे येते. नुसती काळजी करणाऱ्या त्या घरास ती घ्यावयास शिकविणे, हाही परिचर्येचाच भाग आहे.