कर्ता रजेवर आहे

मराठी वाक्यातला कर्ता हा घरातल्या कर्त्या पुरुषासारखा असतो. नाव त्याचे, सत्ता दुसऱ्याची. 'गोविंदा पोळी खातो' इथपर्यंत ठीक आहे. कर्ता प्रथमेत, क्रियापद त्याच्या मुठीत. पण पोळी एकदा पोटात गेली, की 'गोविंदाने पोळी खाल्ली'! कर्त्याला तृतीयेचा 'ने' चिकटला आणि क्रियापद खुशाल पोळीच्या पक्षात गेले. आंबा असता तर 'खाल्ला', केळे असते तर 'खाल्ले'. गोविंदाला विचारतो कोण?

'मी' मात्र पक्का. 'मी पोळी खाल्ली' यात 'ने' दिसतच नाही. जाणकार सांगतात, ही तृतीयाच आहे. हा 'मी' संस्कृत 'मया'चा वंशज. म्हणजे आमचा हप्ता वाडवडिलांनीच भरून ठेवलेला!

शिवाय चतुर्थी आहेच. 'मला राग आला.' राग पाहुण्यासारखा आपण होऊन आला, मी फक्त दार उघडले. आणि कप फुटला की कार्टे सांगते, 'माझ्या हातून फुटला.' हात त्याचाच, पण गुन्हा हाताचा.

या पळवाटांबद्दल माझी तक्रार नाही. मो. के. दामल्यांनी १९११ साली जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिले. कर्तरी, कर्मणी, भावे असल्या प्रयोगांत कर्ता 'ने' लावून का होईना, पण हजर असतो. माझा आक्षेप आहे तो कचेरीतल्या मराठीवर. 'कळविण्यात येते.' 'नामंजूर करण्यात आला आहे.' इथे कर्ता ना प्रथमेत, ना तृतीयेत. तो सरळ रजेवर! आणि रजेचा अर्जसुद्धा नाही.

एकदा आमच्या काउंटरवर एक आजी कुठल्याशा कचेरीचे पत्र घेऊन आल्या. 'आपले पेन्शन थांबविण्यात आले आहे.' मी वाचून दाखवले. आजींनी विचारले, "कुणी थांबवलं रे बाबा?"

व्याकरणाचा इतका नेमका प्रश्न मी शाळेतसुद्धा ऐकला नव्हता. पत्र दोनदा वाचले. कर्ता सापडेना. खाली सही होती, पण तीही 'करिता'! ज्यांच्याकरिता होती, ते साहेब वाक्यात नव्हतेच.

आमच्याकडे दहा रुपयांचे व्हाउचर असले तरी सही कुणाची ते सांगावे लागते. आजींच्या महिन्याच्या भाकरीला तेवढाही मान नसावा? साहित्यातले अलंकार हवे तर राहू द्या बाजूला. कचेरीच्या पत्रात एक साधी प्रथमा तेवढी घाला. माणसाला निदान भांडायला तरी समोर कर्ता लागतो.