रेकॉर्डवरचं साल कुणाचं? अमान्सियो डिसिल्व्हाच्या निमित्ताने

साताऱ्या-सांगलीची बरीच मुलं विचारतात, "दादा, पीएचडीला एखादा कलाकार घेतला तर सुरुवात कुठून करायची?" मी सांगतो, आधी त्याच्या रेकॉर्डची यादी करा. पण यादीवर लगेच विश्वास ठेवू नका. का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

अमान्सियो डिसिल्व्हा हा गोव्याच्या कुटुंबातला, १९३६ साली मुंबईत जन्मलेला जॅझ गिटारवादक. १९६७ मध्ये तो लंडनला गेला. १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो', १९७१ मध्ये 'रिफ्लेक्शन्स', १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाखाली 'ड्रीम सीक्वेन्स'. पुढचं नाव 'कोकण डान्स', साल २००६. तो तर १९९६ मध्येच वारला होता! तरी मी सिनॉप्सिसमध्ये ठोकून दिलं, "१९७२ नंतर सर्जनशीलता ओसरली."

गाइडनी एवढंच विचारलं, "२००६ हे वाजवल्याचं साल की विकायला आल्याचं?"

'कोकण डान्स'सुद्धा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ध्वनिमुद्रित झाला होता, नुसता पडून राहिला. म्हणजे यादीतली पोकळी मी सरळ कलाकाराच्या माथी मारली होती. रेकॉर्ड निघाली नाही, एवढंच यादी सांगते. तो वाजवत नव्हता, असं म्हणायचं तर कार्यक्रमपत्रिका, जाहिराती, शिष्यांच्या मुलाखती असा वेगळा पुरावा लागतो.

आपल्या मिरजेचंच बघा ना. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड १९०५च्या सुमाराच्या, आणि आज आपण ज्या जास्त ऐकतो त्या १९३०च्या दशकातल्या. मधल्या काळात खाँसाहेब गप्प होते का? ते गात होते, शिष्य घडवत होते, पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवत होते.

आता दुसरी चूक, 'फ्यूजन' या शब्दाची. 'इंटिग्रेशन'मध्ये एकही भारतीय वाद्य नाही. सोबतीला डॉन रेंडेलचा सॅक्सोफोन, इयान कारचा ट्रम्पेट, शिवाय बास आणि ड्रम्स. 'ड्रीम सीक्वेन्स' आणि 'कोकण डान्स'मध्ये मात्र सतार आहे, आपल्या केशव साठ्यांचा तबला आहे. वाद्यं मोजली तर हे दोन जास्त 'फ्यूजन' ठरतील. माझं मत उलट आहे. सतार-तबला आला की भारतीयपणाची जबाबदारी त्यांच्यावर जाते आणि गिटार थोडी मोकळी होते. 'इंटिग्रेशन'मध्ये ते सगळं ओझं एकट्या गिटारवर आहे, म्हणून तिचा प्रत्येक स्वर तोलून येतो.

पण कौतुकात दोष झाकू नका. त्या रेकॉर्डवर मुखडा एकत्र वाजतो आणि सोलो सुरू झाला की सॅक्सोफोन-ट्रम्पेट आपल्या ओळखीच्या जॅझच्या वाटेला लागतात. गिटार अर्ध्या वाटेवर येऊन थांबलेली असते, समोरून कुणी तेवढं चालत येत नाही. शीर्षकात जेवढं वचन आहे, तेवढं हाती लागत नाही. 'हम दोनो'मध्ये अल्टो सॅक्सोफोनवर ज्यो हॅरियट आहे. त्याचा जॉन मेयरबरोबरचा 'इंडो-जॅझ सूट' १९६६ मध्येच प्रकाशित झाला होता. तिथे मला संवाद ऐकू येतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका. 'जयपूर' ही रचना या दोन्ही रेकॉर्डवर आहे. रचनाकार तोच, वर्षही तेच, साथीदार बरेचसे वेगळे. दोन्ही लागोपाठ ऐका आणि कोण कुणाचं ऐकून वाजवतंय, ते मिनिट-सेकंदासकट वहीत लिहा.

आणि यादी करताना सालाचे रकाने दोन ठेवा : एक ध्वनिमुद्रणाचा, एक प्रकाशनाचा. पहिला रकाना भरता आला नाही तर रिकामा ठेवा, पण दुसऱ्यातलं साल उचलून त्यात टाकू नका. माझं अख्खं प्रकरण त्यामुळेच परत लिहावं लागलं.