‘कोबाल्ट ब्लू’ : मैत्रीच्या आडोशाला राहिलेले प्रेम

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मौज प्रकाशन गृहाने २००६ साली प्रसिद्ध केली. पुण्यातील जोशी कुटुंबात वरच्या खोलीत एक तरुण ‘पेइंग गेस्ट’ म्हणून राहावयास येतो. घरातील मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि तनयची बहीण अनुजाही. पुढे अनुजा त्याच्याबरोबर घर सोडून जाते, काही महिन्यांनी एकटी परतते. तो तरुण मात्र दोघांच्याही आयुष्यातून नाहीसा झालेला असतो. कथानक एवढेच. एकाच पुरुषावर भाऊ व बहीण यांचे प्रेम, अशी या कादंबरीची ओळख सर्वसाधारणपणे करून दिली जाते. ती चुकीची नाही. परंतु या ओळखीमुळे कादंबरीतील अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. हे प्रेम त्या घरात, सर्वांच्या डोळ्यांदेखत, इतके दिवस राहू कसे शकले? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने कादंबरीचा विचार केला आहे.

मराठी मध्यमवर्गीय घराला ‘मैत्री’ हा शब्द फार सोयीचा आहे. दोन मुलगे तासन्‌तास एका खोलीत बसले, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारीत राहिले, एकमेकांचे कपडे वापरू लागले, तरी घराला त्यात वावगे वाटत नाही. उलट मुलाला चांगली संगत लाभली याचे समाधानच वाटते. हीच सवलत मुलीला मिळत नाही. तिने त्याच जिन्याची पायरी चढली तर तिच्या येण्याजाण्याची नोंद होते. कुंडलकरांनी या विषम पहाऱ्यावर आपली संपूर्ण रचना उभी केली आहे. परिणामी, अनुजाचे प्रेम उघडकीस येते तेव्हा ते ‘प्रकरण’ ठरते आणि घर तिच्याभोवती गोळा होते : समजूत, दटावणी, उपचार. तनयचे दुःख मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याचा जो गेला तो घराच्या लेखी फक्त मित्र होता, आणि मित्र निघून गेल्याचा शोक किती काळ करावयाचा याची मर्यादा सर्वांना ठाऊक असते. प्रेमाला आडोसा देणारा शब्दच शोकाची वाट अडवतो. या कादंबरीचे मर्म येथे आहे, असे आम्हांस वाटते.

कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिला तनयचा, दुसरा अनुजाचा. तनयचे निवेदन निघून गेलेल्या त्या तरुणाला उद्देशून आहे; आरंभापासून तो ‘तू’शी बोलतो. या ठिकाणी मराठी भाषेच्या एका स्वभावाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मराठीत ‘तू’ला लिंग नाही, पण क्रियापदाला आहे. ‘आलास’, ‘बसलास’, ‘निघून गेलास’ असे म्हणताच समोरचा पुरुष आहे हे कळते. बोलणाऱ्याचे ‘मी गेलो’, ‘मी थांबलो’ त्याचेही लिंग सांगून टाकते. इंग्रजीत सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही याबाबतीत मुकी राहतात. जेरी पिंटो यांनी २०१३ साली केलेला इंग्रजी अनुवाद निश्चितच सरस आहे, तथापि मूळ मराठी वाक्यात जे प्रत्येक क्रियापदागणिक घडते ते तेथे घडू शकत नाही. घरापासून लपवलेली गोष्ट मराठी व्याकरण वाचकापासून लपवू देत नाही. तनय घरात गप्प आहे आणि भाषेत उघड आहे. निवेदनतंत्राची अशी निवड लेखकाने हेतुतः केली की सहज झाली, हा प्रश्न गौण होय. तिचा परिणाम पानोपानी जाणवतो.

समलिंगी प्रेमाचा विषय मराठीत या कादंबरीने प्रथम आणला असे म्हणता येणार नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. ‘मित्रा’ हे त्यातील नायिकेचे नाव, आणि तिची गोष्ट सांगतो तो बापू हा तिचा मित्र. शीर्षकातील श्लेष उघड आहे. परंतु तेथे प्रेम बाहेरून, सहानुभूतीने पण अंतरावरून पाहिले जाते. बापू मित्र असल्यामुळेच साक्षी होऊ शकतो. कुंडलकरांनी हा साक्षी काढून टाकला. (‘पार्टनर’ या एकाच शब्दाचा प्रवासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. व. पु. काळे यांच्या कादंबरीत तो मित्राला उद्देशून येतो. बिंदुमाधव खिरे यांच्या त्याच नावाच्या पुस्तकात त्याचा अर्थ पालटलेला असतो.)

अनुजाच्या भागाविषयी थोडक्यात. तो अधिक वेगवान, अधिक स्वच्छ आहे. त्यात तनय प्रतिस्पर्धी म्हणून येत नाही, भाऊ म्हणून येतो. तनयला त्या तरुणाबरोबर घर हवे आहे, अनुजाला त्याच्याबरोबर घराबाहेर पडावयाचे आहे. एकच माणूस दोघांना परस्परविरुद्ध गोष्टींचे आश्वासन वाटतो. दोन भाग वाचून झाल्यावर वाचकाजवळ त्या तरुणाची दोन चित्रे उरतात आणि ती एकमेकांवर नीट बसत नाहीत. हे न बसणे हेच लेखकाचे यश आहे.

त्या तरुणाला कादंबरीत नाव नाही. त्याहून बोलका तपशील असा, की त्याला आडनाव नाही. ज्या समाजात आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे असते, त्या समाजातील एक जोशी कुटुंब आडनाव नसलेल्या माणसाला वरची खोली देते, ही घटना साधी नाही. तो भाडे वेळेवर देतो, लागेल तो हात लावतो, आणि संस्कृतीच्या ऱ्हासाविषयी आईचे बोलणे शांतपणे ऐकून घेतो. तेवढ्यावर घर समाधानी होते. येथे लेखकाला केवढा तरी मोठा विषय सापडला होता. पण त्याने तो हाती घेऊन पुन्हा खाली ठेवला. आडनाव नसणे हे कादंबरीत गूढतेचे साधन होऊन राहते, सामाजिक प्रश्न होत नाही.

तनयच्या भागातील एक चिंतन विशेष उल्लेखनीय आहे. दोन पुरुषांनी एकत्र राहावयाचे ठरवले तर त्यांचे घर कसे असेल? त्यांना मुले नसतील, सांभाळावयास वडीलधारी माणसे नसतील, समाजाला मान्य नसलेल्या त्या घरी कोणी पाहुणे यावयाचे नाहीत. येथे तनय गुन्ह्याचा विचार करीत नाही, घराचा करतो. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे इंग्रजी अनुवादाच्याच वर्षी, रद्द केला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. परंतु ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. तनयचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता, आणि म्हणून तो २०१८ नंतरही शिळा झाला नाही. या कादंबरीला केवळ तिच्या काळातील धाडस म्हणून गौरवणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

कादंबरीची मर्यादा मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तो तरुण अतिशय मोकळा आहे, पण त्याच्या मोकळेपणाला काही किंमत मोजावी लागत नाही. त्याला आईवडील नाहीत, नातलग नाहीत, पैशाची विवंचना दिसत नाही. ज्याला सोडून जाण्यासारखे घरच नाही त्याचे निघून जाणे सोपे असते. तो प्रतीक आहे, असे समर्थन करता येईल. परंतु तनय आणि अनुजा इतक्या बारकाईने रेखाटलेली हाडामांसाची माणसे आहेत की त्यांच्या शेजारी एक प्रतीक उभे केले असता ते पोकळ वाटू लागते. २०२२ साली आलेल्या याच नावाच्या हिंदी चित्रपटात कथा केरळातील कोचीला हलवली गेली. पडद्यावर समुद्र, जुन्या इमारती आणि निळा रंग विपुल आहे. तो तरुणही अधिकच देखणा झाला आहे. वरच्या खोलीकडे जाणारा तो पुणेरी जिना, आणि त्यावर कोण कोणत्या वेळी चढतो हे खालून पाहणारे घर, तेथे सापडत नाही.